एक वॅटच्या बाई

आमच्या घरात पुऱ्या बाह्यांचा एकच कपडा होता, आणि तो बँडचा होता. लाल कोट, खांद्यावर पिवळ्या जरीचे झुपके, छातीवर पितळी बटणं. तात्या, म्हणजे माझे वडील, म्हसवडच्या एका बँड पार्टीत बेंजो वाजवायचे. आमच्याकडचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला, तारांचा, गळ्यात पट्टा अडकवून चालत वाजवायचा. लग्नसराई असली की घरात गूळ-शेंगदाणे दिसायचे. सराई संपली की हुलग्याचं माडगं. सकाळी माडगं, संध्याकाळी तेच जरा पातळ करून. एकदा शाळेत पालकांना बोलावलं तर तात्या तोच लाल कोट घालून आले, दुसरं अंगावर घालण्यासारखं काही नव्हतंच. पोरं खिदळली. मास्तर मात्र म्हणाले, "या बँडमास्तर, बसा." तात्या ताठ बसले. मीही ताठ बसले.

मग डीजे आला. ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. तिच्यापुढं बँडला कोण विचारतो? पार्टीच्या मालकानं इरेला पेटून हातगाडीवर कर्णे बांधले, मग त्याहून दांडगे स्पीकर, आणि बेंजोची वायर त्यांत घातली. बेंजोवाला गाडीच्या पुढं चालतो, म्हणजे थेट कर्ण्याच्या तोंडाशी. तात्या कित्येक सराया त्या तोंडाशी चालले. पार्टी मोडायची ती मोडलीच, वर तात्यांचे कान गेले. आईनं दुसऱ्यांच्या रानात खुरपणी करून घर ओढलं. बेंजो त्या लाल कोटात गुंडाळून माळ्यावर गेला.

मी बीएस्सी झाले. आमच्या घराण्यात, कुणाला आठवतं तेवढ्या पिढ्यांत, पहिली. हे मी सांगते कारण सांगण्यासारखं आहे. मग कान तपासायचा कोर्स केला आणि मिरजेला कानाच्या एका दवाखान्यात लागले. तिथल्या डॉक्टरबाईंसारखं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

बाई सांगलीच्या. घरचा हळदीचा व्यापार, जैन घराणं, दिवस मावळायच्या आत जेवण. बुटक्या, पांढरी साडी, आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. चपलेचा आवाज होतो म्हणून. दवाखान्यात घंटा नव्हती. पेशंटचं नाव पुकारायचं नाही, जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा. "ऐकू येत नाही म्हणून आलेल्या माणसाला हाका कसल्या मारता?" असं त्यांचं म्हणणं. मुलाखतीला मी बँडवाल्याच्या घरातल्या आवाजात बोलायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"मी इथंच बसलेय ना?"

"हो बाई."

"मग म्हसवडवरून कशाला बोलतेस?"

त्या दिवसापासून माझा आवाज खाली आला तो आजतागायत.

विसर्जनाच्या मिरवणुकीला बाई कापसाची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या. स्पीकरच्या भिंतीपुढं नाचणाऱ्या पोरांना बोळे वाटायच्या. "घ्या, प्रसाद." एकदा एक रंगानं माखलेला गडी म्हणाला, "आवं आजी, कापूस कशाला? आमी काय मेलोय व्हय?"

"मेल्यावर नाकात घालतातच रे. जिवंत आहेस तोवर कानात घाल."

त्याचे सोबती टाळ्या पिटून हसले. पण त्यानं घातला. त्याचं बघून बाकीच्यांनीही हात पुढं केले. त्या गर्दीत एवढीशी बाई उभी आणि दांडगे गडी ओळीनं कापूस घेतायत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बाईंचं दुसरं वेड म्हणजे हवाईयन गिटार. कॉलेजात असताना शिकलेली. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची. रविवारी दुपारी दवाखाना बंद असला की त्या वाजवत. खरं सांगायचं तर बेताचंच वाजवत. त्यांना ते ठाऊक होतं. "माझा हात मंद आहे, कान नाही," म्हणायच्या. गिटारला जोडायला त्यांच्याकडं एक जुना अॅम्प्लिफायर होता, व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह म्हणजे आत काचेच्या नळ्या असतात, जुन्या रेडिओत असायच्या तशा; तापून लाल झाल्याशिवाय त्या बोलत नाहीत. तो अॅम्प एका पावसाळ्यात कायमचा गप्प झाला. मग त्याच्या जागी नवा कुठला घ्यायचा, ही शोधाशोध सुरू झाली. तिच्यात आमचे तात्या कसे सापडले ते सांगते.

नोकरीला लागल्यावर पहिलं काम मी हे केलं की तात्यांना मिरजेला आणलं. काच लावलेल्या बंद खोलीत त्यांना बसवलं, कानाला हेडफोन लावले, म्हटलं, "आवाज आला की बोट वर करायचं." काचेच्या अलीकडून मी एकेक सूर सोडायला लागले. बारीक सूर, मग जरा मोठा, मग आणखी मोठा. तात्यांचं बोट गुडघ्यावर तसंच. माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "अजून चालू न्हाई केलंस व्हय गं?"

मी बटण फिरवत राहिले. बऱ्याच वर गेल्यावर बोट हललं. अजून थोडंच वर नेलं तर त्यांनी हेडफोन ओढून काढले. "आगं, कान फाडतीस का काय!"

बाई माझ्या मागं उभ्या होत्या. त्यांनी कागदावर एक दार काढलं.

"कान म्हणजे हे दार. तुझ्या वडिलांचा उंबरा वर आलाय, म्हणून हळू आवाज आत येत नाही, ठेचकाळून बाहेरच पडतो. आणि वरची चौकट खाली आलीय. म्हणून मोठा आवाज आला की त्याचं डोकं आपटतं. मधली फट राहिलीय एवढीच." त्यांनी बोटभर अंतर दाखवलं. "ह्यांच्या दारातून पाय उचलून आणि मान वाकवून येणारा आवाज पाहिजे."

कानाचं यंत्र त्यांनी दिलं. बोलणं त्यातून कळायला लागलं. पण तात्या म्हणाले, यंत्र घालून बेंजो वाजवला की पत्र्यावर खडे पडल्यासारखं होतं, आणि काढून वाजवला तर आपण वाजवतोय का नुसती बटणं दाबतोय तेच कळत नाही. "त्यापरास माळ्यावर बरा हाय." एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला. आमच्या घरात तात्यांचं न वाजवणं म्हणजे काय ते आई जाणे. तिनं एकदा मला सांगितलं होतं, "येरवाळी उठून बोटं हलवत बसत्यात गं, गोधडीवर." त्यांनी पुन्हा वाजवावं, एवढंच मला पाहिजे होतं. पगार, खोली, कॉलेजची पदवी सगळं मिळालं होतं, ते तेवढं राहिलं होतं.

मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे अॅम्प माझ्यासाठी नाही शोधायचा. फटीसाठी शोधायचा."

तेव्हा त्यांनी मला समजावलेलं मला अजून तोंडपाठ आहे. व्हॉल्व्हच्या अॅम्पला त्याच्या ताकदीच्या टोकापर्यंत नेलं की तो आवाज दाबतो. तार हळू छेडली तर सूर वर उचलतो, जोरात छेडली तर सुराची मान खाली करतो. पण हे तो दमायला लागल्यावरच करतो. मोठ्या ताकदीचा अॅम्प दमेपर्यंत ऐकणाऱ्याचे कान जातात. "म्हणून लहानात लहान पाहिजे. थोडक्यात दमणारा."

पुण्याचा एक दुकानदार त्यांना अॅम्प बघायला पाठवायचा. पहिला आला तो पंधरा वॅटचा. देखणा होता. हळू ठेवला तर आवाजात काही जीवच नाही. बाई म्हणाल्या, "पैलवानाला सुपारी फोडायला बसवलंय." परत.

दुसरा आला त्याच्या पोटात कॉम्प्युटर. बटण फिरवलं की जगातल्या नामांकित जुन्या अॅम्पचे आवाज एकामागून एक काढायचा. मला तर तो फार आवडला. बाईंनी सगळे आवाज ऐकून घेतले आणि झाकण लावलं. "बहुरूपी आहे. दारात आला तर शिधा द्यावा. घरात ठेवून घेऊ नये."

तिसरा पाच वॅटचा, जुन्या घाटाचा. साईच्या रंगाचं कापड, वर चामड्याची मूठ, आत लहानसा स्पीकर. पाच वॅट म्हणजे झोपायच्या खोलीतला दिवा, मी मनात म्हटलं, आता जमलं. बाईंनी तो टोकापर्यंत नेला आणि गिटारवर कांडी सरकवली. फडताळातल्या औषधाच्या बाटल्या किणकिणल्या. त्यांनी आवाज मोजायचं यंत्र माझ्यासमोर धरलं.

"पाच वॅटला लहान म्हणणाऱ्याचे कान आधी तपासून घे. आणि हा डब्यात तोंड घालून बोलतोय. स्पीकर एवढासा, पेटी एवढीशी, सूर मावणार कुठं?"

एवढ्यावरही भागायचं नाही. प्रत्येक अॅम्पला भडंगाची परीक्षा होती. सांगलीचं भडंग, बाईंसाठी बिनलसणाचं, कुरकुरीत. बाई बशी घेऊन खुर्चीत बसत, मी गिटारची एक तार छेडत राही, आणि त्या भडंग चावत. आपल्या चावण्याचा आवाज आपल्याच कवटीत घुमतो. त्याच्या वर सूर चढला तर अॅम्प मोठा. त्याच्या खाली बुडाला तर निकामी. "माणूस घरात बसून खातोय आणि शेजारी कुणीतरी वाजवतंय, तेवढाच आवाज देवानं माणसाच्या कानाला नेमून दिलाय," असं बाईंचं शास्त्र. हे शास्त्र कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. चूकही सापडली नाही.

पुण्याचा दुकानदार एकदा फोनवर काकुळतीला आला. "मॅडम, सगळी दुनिया जास्त वॅट मागते. तुम्हाला नक्की पाहिजे तरी काय?"

"कमी."

"यापेक्षा कमी मी विकत नाही हो."

"मग विकणाऱ्याचा पत्ता द्या."

असा तो बेंगळुरूच्या एका माणसाचा पत्ता लागला आणि एक वॅटची पेटी आली. एक वॅट. चपात्यांच्या डब्याएवढी. तिला स्पीकरच नव्हता, तो आपण जोडायचा. दहा इंची स्पीकर बाईंनी मागवला, आणि त्याचं खोकं बनवायला सुताराकडं न जाता आम्ही सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवणारी घराणी आहेत. त्यातल्या एका उस्तादांचे कान बाईंनी पूर्वी बरे केले होते. उस्तादांनी एका उघड्या फळीवर स्पीकर ठोकला, बाईंनी गिटार मांडीवर घेतली. सूर स्वच्छ आला. उस्ताद मान हलवेनात.

"बोलतेय. गात नाही."

बाईंनी बटण चढवलं. अजून चढवलं. सुराच्या कडेला एक बारीक खरखर यायला लागली. मी म्हणणार होते की आता बिघडतंय, तेवढ्यात उस्तादांनी बोट उचललं. "बस्स! जवारी लागली."

तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते तिथं किंचित घासून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून सुराला जी झणझण आणतात, ती जवारी. ती नसेल तर तंबोरा नुसतं लाकूड. बाई त्यांच्याकडं आणि ते बाईंकडं बघत राहिले, एकाच गावची माणसं परमुलखात भेटावीत तशी. दोघांनी मिळून बटण केसभर मागं, केसभर पुढं केलं, आणि उस्तादांनी तिथं पेन्सिलची खूण केली. ती खूण अजून आहे.

खोकं तुणीच्या लाकडाचं झालं, सतारीला वापरतात त्याच. पण उस्तादांना कोरा पृष्ठभाग बघवेना. न सांगता त्यांनी पुढच्या बाजूला वेलबुट्टी कोरली, वर दोन मोर बसवले, आणि व्हॉल्व्हची पेटी आत बसेल असा कमानीचा कोनाडा केला. अॅम्प लावला की त्या कमानीत नारिंगी उजेड. बाईंनी कोनाड्याला मलमलीचा पडदा लावून घेतला, कारण पावसाळ्यात उजेडाला येणारे किडे तापल्या काचेवर जळतील. जैनाच्या घरचा अॅम्प.

तो बाहेरच्या खोलीत ठेवला होता. सोमवारी दवाखाना उघडला तर कवठेमहांकाळकडची एक म्हातारी त्याच्यासमोर हात जोडून उभी. मोरांना हळदीकुंकू लागलेलं. "कुठला देव म्हणायचा हा?" तिनं मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत बाई तिच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "हळू बोलणाऱ्यांचा."

म्हातारीनं पुन्हा एकदा नमस्कार केला.

आता तात्यांना आणायचं होतं. मी गावी गेले, बेंजो माळ्यावरून काढला. तात्या बघत होते. "कशाला?" म्हणाले. म्हटलं, बाईंना बघायचाय. ते तडक सोबत निघाले, कारण बेंजो ते कुणाच्या हाती एकटा देत नसत, माझ्यासुद्धा.

खोकं बघून ते म्हणाले, "देव्हारा हाय का ह्यो?"

"अॅम्प आहे तात्या."

"वॅट किती?"

मी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "एक."

तात्या मोकळेपणानं हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की कुणी चेष्टा करत नाहीये, आणि चेहरा उतरला. "बाई, आमच्या गाडीवर हजारानं वॅट हुतं. मी सुरू केलं की घरांच्या खिडक्या वाजायच्या. आन आता ह्या डबीवर? ह्यातनं चिमणीबी उठायची न्हाई. माझं वाजवायचं दिस गेलं, मला पटलंय ते. पर पोरखेळ नगा करू."

त्यांनी बेंजोचा लाल कोट पुन्हा गुंडाळायला घेतला.

बाईंनी त्यांना अडवलं नाही. भडंगाची बशी घेऊन त्या समोर बसल्या.

"बँडमास्तर, एक विचारू? वरातीत तुमचं वाजवणं कुणी ऐकलं का कधी?"

"म्हंजी? लय नाचायची माणसं! घोड्याम्होरं, मांडवाम्होरं..."

"नाचली. ऐकलं कुणी?"

तात्यांचा हात कोटावर थांबला. ते आठवायला लागले, असं मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी कोट बाजूला केला, कानातलं यंत्र काढून माझ्या हातावर ठेवलं आणि जमिनीवर मांडी घालून बसले. मी वायर जोडली. काचा तापायला वेळ लागतो. कोनाड्यात नारिंगी उजेड यायची वाट बघत आम्ही तिघं बसलो. बाई भडंग चावायला लागल्या.

तात्यांनी एक तार छेडली. वरातीतल्या सवयीनं, जोरात. सूर आला आणि मान वाकवून त्यांच्या दारातून आत गेला. ते दचकले नाहीत. पेटीकडं बघितलं. मग त्यांनी तीच तार हळू छेडली, अगदी पिसानं छेडल्यासारखी. आणि तोही सूर, तितकाच भरीव, उंबऱ्यावरून पाय उचलून आत आला.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "ऐकू आला गं," म्हणाले. "हळूबी आला."

मग ते सरकले, त्यांचा गुडघा तुणीच्या लाकडाला टेकला, आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वरातीतली धून होती, मी लहानपणापासून ऐकलेली. पण ती मी कर्ण्यातूनच ऐकली होती. तिच्यात एवढी वळणं आहेत, दोन सुरांच्या मधे तात्या एक बारीक सूर ठेवून जातात, हे मला त्यांची मुलगी असून ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तो सूर ते रस्त्यावर सांडत चालले होते. कुणाच्या कानी पडला नव्हता, त्यांच्या स्वतःच्यासुद्धा.

माझं लक्ष बाईंकडं गेलं. भडंगाचा घास तोंडात तसाच. चावणं थांबलं होतं. त्यांच्या शास्त्रात याला काय म्हणायचं ते मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "परीक्षा संपली म्हणायचं."

बाईंनी पुढं दवाखाना मिटवला आणि सांगलीला घरी गेल्या. तिथून अजून मिरवणुकीला कापूस घेऊन निघतात म्हणे. अॅम्प त्यांनी तात्यांच्या हवाली केला. "माझा हात मंद आहे, बँडमास्तर. ह्याला चांगल्या घरी पडू द्या." म्हसवडला आमच्या घरी तो भिंतीला लागून आहे. आई मलमलीचा पडदा धुऊन बदलते, आणि मोरांना हळदीकुंकू लावते. मी तिला सांगून थकले, आता सांगत नाही.

पण मिरज सोडायच्या आधी बाईंनी एक केलं. एका रविवारी दुपारी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. उस्ताद आपल्या मुलांना घेऊन आले, जुने पेशंट आले, गावाकडून तात्यांच्या पार्टीतले ढोलवाले आणि सनईवाले आले. पुढच्या ओळीत आई. तात्यांनी लाल कोट घातला होता. खांद्यावरची जर काळी पडली होती, पण बटणं त्यांनी चिंचेनं घासून लखलखीत केली होती. अॅम्प तापला.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर चालत वाजवलं होतं. त्या रविवारी त्यांनी बसून वाजवलं, आणि लोकांनी बसून ऐकलं.